दाजींच्या धोंड्याची होडी

लातूरला माझ्या बहिणीच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की दारातच थबकायचं. लोकांच्या हॉलमध्ये भिंतीवर लग्नातला फोटो असतो. हिच्या भिंतीवर केशरी लाइफ जॅकेट, दोन तुकड्यांचं वल्हं, पाण्यात घालायचे रबरी बूट, मानेवर पदर सोडलेली टोपी, गळ्यातली शिट्टी आणि आत थेंबभर पाणी जाऊ न देणारी पिवळी पिशवी, असं सगळं ओळीनं टांगलेलं असायचं. पाहुणा विचारायचा, "सर, होडी कुठंय?" आणि घरधनी मान खाली घालून म्हणायचा, "होडी नाही अजून."

हा घरधनी म्हणजे व्यंकटराव, उज्वलाताईचा नवरा. मी दीपमाला, त्यांची एकुलती एक मेहुणी. दाजींची टर उडवायचा हक्क मला त्यांच्या लग्नातच मिळालाय आणि तो मी एक दिवसही वाया घालवलेला नाही. तशी मी रागीट बाई आहे, निलंग्याला माझ्या शाळेतली पोरं मला टरकून असतात. पण दाजी समोर आले की माझा राग कुठं जातो कोण जाणे. मग चेष्टाच सुचते.

दाजी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. दरवर्षी फळ्यावर एक चौकोन काढतात, चौकोनात पाणी, पाण्यात लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्याला खालून वर ढकलणारा बाण. इतकी वर्षं त्यांनी तो ठोकळा तरंगवला, स्वतः मात्र कधी गुडघाभर पाण्यातही उतरले नव्हते. उतरणार तरी कुठं? आमचं लातूर एकदा रेल्वेनं आलेल्या पाण्यावर जगलेलं.

माणूस उंच, अंगानं भरलेला, पण वागणं असं की आपण चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलोय. वडीलधारं कुणी दिसलं की हे उठून उभे. माझ्या बाबांसमोर तर ते आजवर बसलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. बाबा आले की ताटावरून उठतात. एकदा उदगीरला न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना रस्त्यावरून बाबा जाताना दिसले, तर हे फेस लावलेल्या तोंडानं खुर्चीतून ताडकन उभे! न्हाव्याचा हात थांबला म्हणून कान वाचला. तेव्हापासून तो न्हावी दाजींची दाढी करताना आधी दुकानाचं दार ओढून घेतो.

आता हे होडीचं खूळ. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या शिक्षकांची सहल मालवणला गेली. तिथल्या एका बाईनं दाजींना कयाकमध्ये बसवलं. कयाक म्हणजे लांबोळकी, हलकी, प्लास्टिकची होडी. तिच्यात बसून दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं मारायचं. बाकीचे सर मासे हाणत होते आणि आमचे माळकरी दाजी खाडीत गोल गोल फिरत होते. हाका मारून मारून लोकांचे घसे बसले, पण हे काठाला येईनात. ताई सांगते, परत आल्यावर महिनाभर हा माणूस मेथी निवडतानासुद्धा खांदे हलवत होता.

आणि मग पार्सलं सुरू झाली. आधी शिट्टी आली. मग टोपी. मग हातमोजे, त्यांना बोटंच नव्हती, तर ताईनं फाटका माल म्हणून परत पाठवायला काढले. मग वल्हं, आणि वल्हं हातातून निसटून वाहून जाऊ नये म्हणून त्याला बांधायची दोरी. "अहो, वाहून जायला आधी पाणी लागतं," ताई म्हणाली. पण दाजींना पटत नव्हतं. होडी मोठी वस्तू, ती घ्यायची हिंमत होत नव्हती, मग तिच्या भोवतालचं सगळं जमवत होते. लग्न ठरलेलं नसताना रुखवत मांडून बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ताई माझी बहीण आहे, तिनं एकही वस्तू वाया जाऊ दिली नाही. पिवळ्या पिशवीत ती कुरडया भरायला लागली. वारा शिरत नाही, पाणी शिरत नाही, कुरडया वर्षभर कडक. वल्ह्यानं उंच तारेवरचे कपडे सरकवायची. होडीच्या भोकांना लावायची म्हणून आलेली रबरी बुचं होती, त्यातलं एक मोरीला बसलं. फक्त लाइफ जॅकेटला तिनं हात लावला नाही, कारण ते दाजी स्वतःच वापरायचे. रविवारी दुपारी अंगात घालून, पट्टे आवळून, पेपर वाचत बसायचे. मी एकदा अचानक दारात उभी राहिले तर म्हणतात कसे, "दीपाताई, कमरेला आधार मिळतो हो याच्यानं." मी इतकी हसले की सोफ्यावर आडवी झाले.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिना म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, न्हाऊ-माखू घालायचं आणि त्याला हवं ते वाण द्यायचं. अनारसे, बत्तासे, जे काही जाळीदार, भोकाभोकाचं असेल ते तेहतीस मोजून द्यायचं. माझ्या नवऱ्याचा धोंडा महिना लागल्या लागल्या झाला. त्यानं कूलर मागितला, स्वतः टेम्पोत चढवला आणि घाम पुसत निघून गेला. दाजींचं तसं नाही. मागच्या प्रत्येक धोंड्याला बाबांनी विचारायचं आणि दाजींनी उभं राहून "काही नको मामा" म्हणायचं. मग बाबा आपल्या मनानं काहीतरी द्यायचे. दाजींच्या कपाटात सफारीची इतकी कापडं पडून आहेत की लहानसं दुकान निघेल.

यंदाही बाबांनी फोन केला. "जावईबापू, काय घ्यायचं तुमाला?"

बाबांना वाटलं फोन कटला. मग आवाज आला, "मामा, होडी."

बाबांनी फोन कानावरून काढून त्याच्याकडं बघितलं. "कस्तुरे," त्यांनी आईला हाक मारली, "जावयानं पैल्यांदा तोंड उघडलं बघ. होडी मागलालेत."

माझे बाबा, हणमंतराव, उदगीरजवळच्या आमच्या गावात सोयाबीन-तूर पिकवणारे माणूस. वरून कडक, आतून घाबरट. तरुणपणी विहिरीत वरून मुटका मारायचे म्हणून पंचक्रोशीत ओळख होती, पण पोरीबाळींना साधी शिंक आली तरी डॉक्टर गाठणार. ते चिडलेच. "बुडायची वस्तू जावयाला कोण देतंय? उद्या कमीजास्त झालं तर? माझ्या लेकीचं कपाळ म्याच पांढरं केलं म्हनतील लोकं. न्हाई म्हंजी न्हाई. सोनाराला अंगठी घालायला सांगतो."

आई मात्र विचार करत बसली. घरातले निकाल आईच देते, बाबा फक्त मोठ्यानं वाचून दाखवतात. "इतक्या वर्सांत त्या लेकरानं कदी काई मागलं?" ती म्हणाली. "अन् आता मागलं तर न्हाई म्हनायचं? आसं करू. होडी बी आनू, अंगठी बी घालू. धोंड्याच्या दिशी आपल्या डोळ्यादेखत होडी तलावात घालायची. जावईबापू कोरडेच्या कोरडे परत आले तर होडी त्यांची. भिजले, तर होडी माघारी अन् बोटात अंगठी. मंग पुन्हा होडीचं नाव काढायचं न्हाई."

आईनं ही अट ताईला फोनवर ऐकवली तेव्हा दाजींनी म्हणे लाइफ जॅकेटवरची धूळ पुसायला घेतली.

धोंड्याच्या आदल्या दिवशी मी माहेरी पोचले तर अंगणात जत्रा भरलेली. पुण्याहून होडी आली होती. दोन माणसांची, पिवळीधमक, बैलगाडीपेक्षा लांब. एकजण म्हणत होता पाण्याची टाकी आहे, आडवी ठेवलीय. दुसरा म्हणत होता गव्हाण आहे. आमच्या म्हशीला तेच पटलं असावं, कारण तिनं तिच्यात तोंड घालून दोन्ही बाजू चाटून काढल्या आणि काही मिळेना तेव्हा रागानं फुरफुरली.

तेवढ्यात बाबांना भोकं दिसली.

होडीच्या बैठकीत आरपार भोकं होती. एकात बोट घातलं की खालून निघत होतं. बाबांचा चेहरा असा खुलला की बस. "या, या, बघा सगळे! होडीला भोकं! पुन्याच्या मानसानं फसवलं. आता बोल कस्तुरे, आशात बसवायचं का जावयाला?"

आई आतून अनारशाच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. होडीभोवती एक फेरी मारली. वाकून एकेका भोकातून खालची माती बघितली. मला वाटलं संपलं, दाजींची होडी आल्या पावली गेली. पण आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. "आवो, अधिकातलं वान भोकाचंच पायजे," ती म्हणाली. "देवानंच धाडली म्हना की ही. ह्याच्यात वाईट काय हाय?" मग तिनं भोकं मोजली. कपाळाला आठी पडली. "आठच हायती."

"मंग?"

"तेहतीस नगं का?"

मला वाटलं ती गंमत करतेय. आई अशा बाबतीत गंमत करत नाही. तिनं लगेच दगडोबाला निरोप धाडला. दगडोबा आमच्या गावचा वेल्डिंगवाला. तो ड्रिल मशीन, लांबच लांब वायर आणि खडू घेऊन हजर झाला. बाबा ओट्यावर जाऊन पाय हलवत बसले. आता होडी आपोआपच बाद होणार होती, त्यांना बोलायची गरजच उरली नव्हती. आईनं खडूनं होडीवर फुल्या मारायला सुरुवात केली. रांगोळीचे ठिपके काढावेत तशा सारख्या अंतरावर, सुबक. पंचवीस फुल्या. मी "आई, अगं बुडेल ती" म्हणाले, तर तिनं मलाच झापलं, "आठ भोकं आस्ताना बुडत न्हाई तर तेहतिसाला काय व्हतंय?"

फिजिक्स दाजींचं, मी मराठी शिकवते.

दगडोबानं मशीनचा खटका दाबून घुर्रर्र आवाज काढून बघितला, आणि त्याच क्षणी ताई आणि दाजी फाटकातून आत आले. सामान हातात मावेना म्हणून दाजींनी बरंचसं अंगावरच चढवलेलं होतं. लातूरपासून एसटीत लाइफ जॅकेट घालून आले होते. पाठीला वल्हं, गळ्यात शिट्टी, डोक्यावर ती पदराची टोपी. ताई त्यांच्यापासून चार हात लांब चालत होती, ओळख नसल्यासारखी.

दाजींनी आधी होडी बघितली. त्यांचे डोळे भरून आले, मी खोटं सांगत नाही. तीन वर्षं वाट बघितलेली वस्तू समोर होती. मग त्यांना फुल्या दिसल्या, मग दगडोबा, मग मशीन.

"हे काय चाललंय?"

आईनं समजावून सांगितलं. पंचवीस भोकं पाडली की तेहतीस होतील, वाण पुरं होईल, पाच मिनिटांचं काम आहे. दाजींच्या तोंडाची उघडझाप झाली. लग्न झाल्यापासून ते आईला कधी नाही म्हणाले नव्हते. शिळी भाकरी वाढली तरी "छान आहे मामी" म्हणणारा माणूस. मला त्यांची इतकी दया आली की मीच ओरडणार होते. दगडोबानं मशीन पहिल्या फुलीवर टेकवलं.

"न्हाई!"

अंगणातली सगळी डोकी वळली. म्हैससुद्धा बघायला लागली. दाजी स्वतःच्याच आवाजानं दचकले होते, पण आता तोंड उघडलंच होतं. "न्हाई मामी, एकही भोक पाडायचं नाही. ही भोकं म्हणजे नळ्या आहेत, वरून खाली आरपार. वर सांडलेलं पाणी त्यातून निघून जातं. पण होडीचं पोट बंद आहे, आत नुसती हवा आहे. त्या हवेवर ती तरंगते. पोटाला भोक पडलं की पाणी आत, आणि होडी तळाला." बोलता बोलता त्यांनी आईच्या हातातला खडू घेतला आणि ओट्याच्या पायरीवर चौकोन काढला, चौकोनात पाणी, आणि खालून वर जाणारा बाण. गावानं पहिल्यांदाच दाजींचा तास ऐकला. दगडोबानं मशीनचा प्लग काढला.

आईनं खडूचे हात पदराला पुसले. जावई आपल्याला नाही म्हणाला हे तिला अजून पचत नव्हतं. "पटलं मला," ती शेवटी म्हणाली. "पन तेहतिसाचं काय करू मग म्या?"

दाजींनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आतून एक जाळी काढली. होडीच्या पुढच्या भागावर अडकवून तिच्याखाली पाण्याची बाटली, डबा ठेवायची जाळी. "मामी, ही पण होडीचीच वस्तू आहे. वाणात ही धरा. मोजा भोकं."

आई ओट्यावर बसली आणि जाळी मांडीवर घेऊन मोजायला लागली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग जाळी गुंडाळून कपाळाला लावली. "लई झाली," ती म्हणाली, "देवाला उरून जातील."

बाबा उठले. "म्या येनार न्हाई तलावावर," ते म्हणाले. "तुमी बुडवा खुशाल जावयाला. म्या बघनार न्हाई." आणि चपला अडकवून शेताकडं चालते झाले. दाजी अर्थातच उभेच होते.

दुसऱ्या दिवशी दाजींना तेल-उटणं लावून आंघोळ, नवं धोतर, औक्षण, धोंडे, तूप, तेहतीस अनारसे सगळं साग्रसंगीत झालं. जावयाला बसून जेवता यावं म्हणून बाबांनी दाराआड उभं राहून सगळं नीट करून घेतलं. अंगठीची डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, ती मधूनमधून चाचपत होते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होडी चढली, होडीला हळदकुंकू लागलं, होडीत बायका बसल्या आणि आम्ही गाणी म्हणत तलावावर गेलो. बाबा मागं राहिले.

मागच्या वर्षी पाऊस दाबून झाला होता, त्यामुळं एवढ्या उन्हाळ्यातही तलावात चांगलं पाणी होतं. काठावर दाजींचा साज सुरू झाला. धोतर उतरलं, अर्धी विजार आली. रबरी बूट, बिनबोटांचे हातमोजे, टोपी, जॅकेट. जॅकेटचे पट्टे आवळताना त्यांनी पोट आत घेतलं तेव्हा बायकांमध्ये हसण्याची एक लाट गेली. मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून गळ्यात, शिट्टी गळ्यात, वल्ह्याची दोरी होडीला. "दाजी, एवढं तर नवरदेवालाबी नसतंय की वो," मी म्हणाले. ते हसले नाहीत. दोरीची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.

ताई जवळ गेली. होडीतल्या पुढच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवून ते तिला हळूच काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "आधी तुम्ही कोरडे या."

आणि दाजी पाण्यात गेले.

कसं सांगू? हा माणूस जमिनीवर चालतो तेव्हा दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, कपबशी उचलली तर बशी पडते. पण पाण्यावर? वल्हं डावीकडं बुडलं, उजवीकडं बुडलं, आणि ती पिवळी होडी सरळ रेषेत निघाली, कडेला नुसती बारीक रेघ सोडत. बायकांचं गाणं थांबलं. दाजींनी लांब जाऊन वळण घेतलं, इतकं गोल, इतकं सावकाश, की मी टाळ्या वाजवायचंही विसरले. मी त्यांची एवढी टर उडवली होती आणि हा माणूस तीन वर्षं भिंतीकडं बघत ह्याचीच वाट पाहत होता. मला आनंद झाला आणि स्वतःचा रागही आला. मग मी जोरात शिट्टी मारली, तोंडानं, शाळेत पोरांना मारते तशी. काठावर एकच गलका उठला. आईनं देवाला हात जोडले. दाजी परत निघाले होते, कोरडे ठणठणीत. त्यांच्या तोंडभर हसू होतं. काठ आता हाकेच्या अंतरावर होता.

तेवढ्यात बांधावर बाबा दिसले.

राहवलं नसणार. धोतराचा सोगा हातात धरून ते धापा टाकत बांधावर चढले आणि कपाळाला आडवा हात लावून तलावात बघायला लागले. दाजींनी त्यांना बघितलं. सासरे आले! आणि दाजी उभे राहिले.

"बसाऽऽ!" आम्ही सगळ्या एका सुरात किंचाळलो. उपयोग नव्हता. होडी एकीकडं, दाजी दुसरीकडं, आणि मधे मोठं कारंजं.

बाबांनी पुढं काय होतंय ते पाहिलंच नाही. चपला सोडल्या, "धरा रं जावयाला!" अशी आरोळी ठोकली आणि तरुणपणी विहिरीत मारायचे तसा बांधावरून मुटका मारला. पण आता ते सत्तरीच्या पुढचे आणि धोतर पाच वार. दाजी जॅकेटमुळं बुचासारखे वर आले होते आणि शांतपणे तरंगत होते. बाबा मात्र चार हात मारून अडकले. धोतर पायांना गुंडाळलं. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मग दाजींचा आवाज आला, तोच कालचा, अंगणातला. उलटी झालेली होडी त्यांनी एका हिसक्यात सरळ केली, दोरीला धरून वल्हं ओढलं, पाय मारत बाबांकडं गेले आणि वल्हं पुढं केलं. "मामा, धरा! दोन्ही हातांनी!" बाबांनी धरलं आणि धरल्या धरल्या बोलायला लागले, "जावईबापू, तुमी ठीक हाव ना, तुमाला काई झालं तर..."

"गप बसा, मामा!" दाजी ओरडले. "तोंड बंद! पाय हलवू नका! होडीची कड धरा!"

माझ्या बाबांना कुणी गप बसा म्हणायचं हे आमच्या घरात आजवर झालेलं नाही. बाबा गप बसले. लहान पोरासारखी कड धरून राहिले. दाजी दुसऱ्या बाजूनं चढले, वाकून बाबांच्या काखेत हात घातले आणि गव्हाचं पोतं ओढावं तसं त्यांना वर ओढलं. बाबांचं धोतर होडीच्या मागं पाण्यावर फुगून आलं. होडी डुलली, पण उलटली नाही. आठ भोकांतून पाणी खाली निघून गेलं.

होडी काठाला लागली. ताई रडत होती आणि हसत होती. आई गुडघाभर पाण्यात उतरून बाबांच्या तोंडावरून हात फिरवत होती. मग तिनं दाजींकडं बघितलं. टोपीच्या पदरातून पाणी ठिबकत होतं. "भिजलात की वो, जावईबापू," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं.

दाजी होडीतून उतरले. "हो मामी," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं. होडी परत पाठवा." आणि जॅकेटचा पट्टा सोडायला लागले. मला रडू आवरेना.

बाबा पुढच्या जागेवर बसलेले होते. खोकले. पाणी थुंकले. सदऱ्याच्या खिशातून अंगठीची ओली डबी काढली, न बघता आईच्या हातात दिली. "हे सोनाराला परत दे," ते म्हणाले. "म्या भेत व्हतो, ही होडी माझ्या लेकीचं कुंकू नेईल म्हून. हिनं तर तुझं राखलं." मग त्यांनी दाजींकडं वळून रिकाम्या जागेवर थाप मारली. "कुणी उतर म्हनलं तुमाला? बसा. त्या कडंपस्तोर न्या मला."

दाजी बसले. सासऱ्यासमोर, सासऱ्याच्या मागं का होईना, पण बसले. वल्हं पाण्यात गेलं आणि होडी काठापासून सुटली.

"आवोऽऽ," आई पाण्यात उभी राहून ओरडली, "धोंडा जावयाचा हाय, तुमचा न्हाई! उतरा खाली!"

बाबांनी मान वळवली नाही. दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून, छाती काढून, समोर बघत ते म्हणाले, "तुझ्या जावयानं मला गप बस म्हनलंय. म्या बोलत न्हाई."